भातातला टाक

माझी बायको बनू श्रावणात गेली. चीनची लढाई झाली त्याच वर्षी, लढाईच्या थोडं आधी. ताप भरला म्हणून पोलादपूरला डॉक्टरकडे न्यायला डोली केली, पण नदीला पाणी होतं. डोली अलीकडच्या काठावर थांबली. पाणी उतरेपर्यंत ती संपली. याहून जास्त मला सांगता येत नाही.

आमचं घर उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत होतं. तुडीलला माझे मामा होते, त्यांना मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर त्यांचं घर आणि खाचरं माझ्याकडे आली. बनूला तिथे जायचं होतं. डोंगरावर उन्हाळ्यात एका घागरीसाठी बायकांना झऱ्यावर बसून राहावं लागतं. तुडीलला सावित्री नदी घराच्या खाली. ती म्हणायची, "तिकडं जाऊ, मी म्हातारी व्हायच्या आधी." भाताची कापणी, मग गुरं, मग कुणाचं लग्न, असं करत जाणं राहत गेलं. ती गेल्यावर मला त्या घरात बसवेना, म्हणून मी जायचं ठरवलं.

घरात आता मी आणि माझी थोरली बहीण आनंदीबाई. तिला सगळे आक्का म्हणतात. तिचा नवरा फार पूर्वी वारला, तेव्हापासून ती आमच्याकडे. तिचा मुलगा महिपती मुंबईला गिरणीत आहे. घर हलवायला मदत म्हणून तो रजा काढून आला होता.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली आकृती, एवढासा, तळहातात मावणारा. बनू सवाष्ण गेली म्हणून तिच्या टाकावर बाई. तेराव्यानंतर महाडच्या सोनाराकडून मी तो करून आणला. पण आमच्या भावकीची रीत अशी की नवा टाक लगेच देव्हाऱ्यात बसवायचा नाही. वर्षश्राद्ध होईपर्यंत तो भातात ठेवायचा. वर्ष भरलं की सवाष्ण जेवायला घालायची आणि मग टाक देवांच्या रांगेत बसवायचा. तोवर ते माणूस वाटेतच असतं, असं आक्का म्हणते. मी रोज सकाळी भाताच्या टोपलीत हात घालून टाक आहे ना ते बघत असे. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पौषात निघायचं ठरलं. घरापासून लॉरी येते त्या सडकेपर्यंत सगळं डोक्यावरूनच न्यायला लागणार होतं. पलीकडच्या वाडीतले चांगू आणि भिकू हे दोघे भाऊ ओझ्याचं काम करायचे. त्यांना सांगितलं. चांगूची बायको रखमा आणि वाडीतले आणखी दोघे येणार होते. मजुरी भातात. आमच्याकडे रोख कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही.

आमच्या गावचा सदू आदल्या वर्षी असाच महाडला गेला होता. त्याचं तांब्याचं घंगाळ वाटेत गेलं आणि जात्याची वरची तळी गेली. खालची तळी घेऊन तो महाडला पोचला. लोक अजून हसतात. तो मला म्हणाला, "सयाजी, ओझ्याला खूण कर. कुणी काय उचललं ते कळलं पायजे. नायतर सडकेला गेल्यावर जो तो म्हनतो, मी नाय, त्यानं."

म्हणून मी खुणा केल्या. घरात चिंध्या शोधल्या तर धड एक सापडेना. बनूचं एक जुनं हिरवं लुगडं होतं, विरलेलं, कुणाला द्यायच्या लायकीचं नव्हतं. ते फाडलं. फाडताना आक्का बाहेर निघून गेली. मी पट्ट्या केल्या आणि सामानाच्या प्रत्येक डागाला बांधल्या. चांगूच्या ओझ्याला एक गाठ, भिकूच्या ओझ्याला दोन, असं पुढे. जातं, पाटा, हंडे, इरली, कांबळी, भाताची पोती, कशाला सोडलं नाही. मुसळालासुद्धा पट्टी बांधली.

भिकू थट्टेखोर. सकाळी आला, सगळीकडे हिरव्या चिंध्या बघितल्या आणि म्हणाला, "बाबा, मला पन एक बांधा. वाटंत मीच हरवलो तर?"

"तुला हरवून कोन नेनार रे?" रखमा म्हणाली. "नेलाच तर दुपारच्याला परत आनून सोडंल."

चांगू हसला नाही. तो कमी बोलणारा. त्याने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि जात्याची तळी उचलली. मला म्हणाला, "बाबा, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय. चिंधी नसती बांधली तरी पोचलं असतं."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाय रे. माझ्या जिवासाठी."

देव मी स्वतः घेतले. घरधन्याने देव दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचे नसतात. देव्हारा पाटीत ठेवला, वर धोतर बांधलं. मग टाक घ्यायला भाताच्या टोपलीकडे गेलो तर टोपली रिकामी. मी आक्काला हाक मारली.

ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी ठेवलाय. तू गप ऱ्हा."

"कुठं ठेवलायस?"

"गडी हायत आजूबाजूला. चांदी हाय ती. तुडीलला गेल्यावर मी काढून देते."

मला वाटलं, तिने कनवटीला लावला असेल. बायका असंच करतात. मी पुढे काही विचारलं नाही. देवांची पाटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे निघालो.

सडकेपर्यंत दोन-तीन खेपा झाल्या. एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही. महिपती लॉरीजवळ उभा राहून गाठी बघत होता आणि माल चढवून घेत होता. "मामा, एकदम बराबर," तो म्हणाला. "एक चमचा नाय गेला." आक्का अजून वाटेतच होती. गाय पुढे चालेना म्हणून ती मागे राहिली होती.

लॉरीवाला घाई करत होता. गड्यांना परत डोंगर चढायचा होता. भाताची पोती अजून खालीच होती, म्हणून कडेचं एक पोतं मी सोडलं आणि पायलीने मजुरी मापून दिली. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हटलं. चांगूच्या धोतरात, भिकूच्या घोंगडीत, बाकीच्यांच्या फडक्यात. रखमाचं मी वेगळं मापलं आणि वर एक मूठ जास्त घातली. बनूशी तिचं बरं होतं. बनू आजारी असताना ती झऱ्याचं पाणी आणून देत असे. रखमाने पदर पसरून भात घेतलं आणि म्हणाली, "वयनी असत्या तर आज किती बोलल्या असत्या. ह्ये असं धर, त्ये तसं धर."

पोतं जवळजवळ रिकामं झालं. उरलेलं मी दुसऱ्या पोत्यात ओतलं. ते गेले. मग आक्का गाय घेऊन आली. गाय एका माणसाबरोबर चालवत पाठवली आणि आम्ही लॉरीत बसलो.

तुडीलला पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. देव खाली ठेवले, दिवा लावला. आक्का पोत्यांजवळ गेली. एकाचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. तिचा चेहरा बघून मला कळलं.

"भातात ठेवलास?" मी विचारलं.

"भातातच ठेवायचा असतो ना. तिच्या चोळीच्या खणात गुंडाळला आणि पोत्यात खोल घातला. वरून खूण केली होती."

"कसली खूण?"

"चिंधी बांधली. हिरवी."

सगळ्याच पोत्यांना हिरवी चिंधी होती. ती खूण करून गेली आणि तिच्या मागून मी उरलेल्या पोत्यांना बांधत आलो होतो. तिने ते बघितलं नव्हतं आणि मी तिची चिंधी बघून माझीच समजलो होतो.

आम्ही सगळी पोती अंगणात ओतली. मी आणि आक्का हातांनी भात चाळत होतो. त्यात टाक नव्हता, खण नव्हता. मग मला सडकेवर मापायला सोडलेलं ते पोतं आठवलं. पायली भरून मापताना भाताबरोबर तो खण कुणाच्यातरी ओटीत गेला असणार. मी तसं बोललो, पण आक्काचं रडणं चालू होतं आणि ती एकच म्हणत होती, "चोरला. गड्यांनी चोरला. मी ठेवताना बघितला असंल कुणीतरी."

महिपती उठला. "मामा, ये सब चोर हैं. असल्यांना मी मुंबईत रोज बघतो. आत्ताच्या आत्ता झडती घेतली पायजे, नायतर आज वितळवतील."

"थांब," मी म्हटलं. "सकाळी मी जातो. त्यांनी चोरला नाय. मी मापून दिलाय."

गाय यायची होती, तिची दावण बघायला मी मागे गेलो. परत आलो तर महिपती नव्हता. लॉरी रिकामी परत पोलादपूरला चालली होती, तिच्यात बसून तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एस.टी.ने निघालो. पोलादपूरला उतरून चालत डोंगर चढलो. वाडीजवळ पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. वाडीत आवाज नव्हता. चांगूच्या अंगणात त्याचं सगळं घर बाहेर पडलं होतं. गाडगी फुटलेली, भाताची फोलपटं, फाटकी गोधडी, चूल उकरलेली. काल मी मापून दिलेलं भात मातीत सांडलं होतं आणि कोंबड्या टिपत होत्या. चांगू खांबाला टेकून बसला होता. त्याचा एक डोळा सुजला होता.

महिपती आणि उमरठचे दोघे तरुण भिकूच्या घरातून बाहेर येत होते. "मामा, अजून कबूल नाय करत," महिपती म्हणाला. "पर करेंगे."

मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्यांनी चोरला नाय. आक्कानं तो पोत्यात ठेवला होता आणि पायली माझ्या हातात होती. मीच मापून दिला."

"मग परत का नाय दिला?" महिपती म्हणाला. "सापडला असंल ना कुनाला? गप का बसले?"

मी चांगूसमोर बसलो. "चांगू, तुझ्या भातात आला होता का?"

त्याने घराच्या दाराकडे बघितलं. दारात रखमा उभी होती.

"माझ्या सुपात आला," ती म्हणाली. "सकाळच्याला पाखडत व्हते. खन दिसला. सोडला तर आत बाई. मी वळाखला, बनुवयनीचा हाय. मी त्येला हळद लावली आनि देवाजवळ ठेवला. ह्ये म्हनले, भाकर खाऊन निघतो, तुडीलला बाबांच्या हातात देतो."

"मग कुठाय तो?" मी विचारलं.

"भाकर भाजत व्हते तवा ह्ये लोक आले." तिने महिपतीकडे बोट दाखवलं नाही. नुसती मान वळवली. "लांबूनच वरडत, चोर, चोर, चांदी काढा. ह्यांना मारलं. मी म्हनलं, आता दिला तर म्हनतील चोरला व्हता म्हनून भ्यायली आनि दिला. नाय दिला तर घर खनतील. दोन्हीकडून चोरच. घागर घेतली, मागल्या दारानं गेले आनि डोहात टाकला."



"बाबा, मला काय सुचलं नाय," ती म्हणाली. "वयनीला मी हातानं पान्यात टाकली."

वाडीखालचा डोह पौषातही खोल असतो. कपारीला टेकून पाणी काळं दिसतं. रखमाने जागा दाखवली. चांगूने धोतर वर खोचलं आणि उडी मारली. वर आला तेव्हा हातात रेती होती. परत गेला. भिकूही उतरला. वाडीतले बाकीचे काठावर उभे होते. पाणी इतकं गार होतं की भिकू लवकरच बाहेर येऊन कुडकुडत बसला. चांगू जात राहिला.

महिपती माझ्याजवळ येऊन म्हणाला, "नाटक हाय. कुठंतरी दडवला असंल."

मी त्याला म्हटलं, "तू आक्काकडं जा. आत्ता जा."

तो रागाने गेला. मी चांगूला हाक मारली, "पुरे. वर ये. मी दुसरा करीन."

त्याने तोंडातलं पाणी टाकलं. ओठ निळे पडले होते. "तुमी दुसरा कराल, बाबा. तुमचा होईल. हिच्या तोंडाला काळं लागलंय त्ये कसं काढायचं? टाक सापडला पायजे."

शेवटी मी आणि भिकूने त्याला धरून बाहेर ओढला. टाक सापडला नाही. दुसऱ्या दिवशी चांगू परत उतरला म्हणे, त्याच्यानंतरही. मी तेव्हा तुडीलला होतो.

पुढचं सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगतो. पोलादपूरच्या बाजारात ही गोष्ट पसरली. महिपती मुंबईला गेला, पण जाताना त्याने एस.टी. स्टँडवर सांगितलं ते तिथेच राहिलं. चांगूला ओझ्याला कुणी बोलावीना. "चांगू? तो टाकवाला?" असं म्हणायचे. मी बाजाराच्या दिवशी मुद्दाम जाऊन बसायचो. चहाच्या दुकानात, धान्याच्या दुकानात, जिथे चार माणसं असतील तिथे सांगायचो की त्याने चोरी केली नाही, माप मी केलं. लोक ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "सयाजीराव, तुमचं मन मोठं. दुसरा असता तर फौजदाराकडं गेला असता." मी जितकं सांगायचो तितकी त्यांची खात्री पटायची की काहीतरी झालं होतं आणि मी ते झाकतोय. सदू तर म्हणाला, "खुणा केल्यास म्हनून एवढंच गेलं. नायतर सगळं गेलं असतं."

श्रावण जवळ आला तशी आक्का टाकाचं म्हणू लागली. टाक नसेल तर वर्षश्राद्धाला बसवायचं काय? मी महाडला त्याच सोनाराकडे गेलो. त्याच्याकडे साचा तोच होता. बाई तीच, कमरेवर हात तसाच. त्याने विचारलं, "पहिला कुठे गेला?" मी म्हटलं, "वाटेत." नवा टाक घरी आणून भातात ठेवला. सकाळी त्यात हात घालून बघायची सवय मात्र परत लागली नाही.

सवाष्ण कोण बसवायची हा प्रश्न आला. मी आक्काला सांगितलं, "रखमाला बोलवायचं."

आक्का बघत राहिली. "त्या वाडीतली? आपल्या पानावर? आनि तीच?"

"तीच. बनूला शेवटची हळद तिनं लावली. सगळ्या तुडीलला दिसंल की ती आपल्या घरी बनूच्या नावानं जेवली. मग कोन काय बोलंल ते बघू."

"लोक हसतील, सयाजी."

"हसू देत."

आक्का पुष्कळ बोलली आणि मग नव्या लुगड्याचं बघायला लागली. मी स्वतः वाडीवर जाऊन सांगून आलो. रखमा घरात नव्हती, शेतावर लावणी चालू होती. चांगूने ऐकलं आणि "सांगतो तिला" एवढंच म्हणाला. तो फार वाळला होता. त्या थंडीनंतर त्याचा खोकला गेला नव्हता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पाऊस धरूनच होता. आक्काने पान वाढायची तयारी केली. पाटाभोवती रांगोळी, नवं लुगडं, खण, नारळ, बांगड्या. हिरव्याच बांगड्या. भटजी विधी करून गेले. मी ओसरीवर बसून वाट बघत होतो. पोलादपूरहून यायचं म्हणजे पावसात वेळ लागणार, हे मला ठाऊक होतं.

चांगू आला, एकटाच. घोंगडीची खोळ डोक्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल. तो ओसरीवर चढला नाही. पागोळीच्या बाहेर अंगणात उभा राहिला.

"रखमा?" मी विचारलं.

"ती नाय येनार, बाबा."

"आजारी हाय का?"

"नाय." तो खोकला, मग थांबला. "मी म्हनलं तिला, बाबा स्वतः येऊन सांगून गेलेत, चल. ती म्हनली, त्या घरातलं काय माझ्या हातात देऊ नका. लुगडं नको, खन नको, पानावरचा भातसुदिक नको. घेताना बरं वाटतं आनि मागनं लोक येतात."

"आता कोन येनार, चांगू? महिपती मुंबईला हाय. मी हाय ना."

"तुमी तवा पन व्हता, बाबा," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला. जसं पाऊस आहे म्हणावं तसं म्हणाला. "तिनं निरोप द्यायला सांगितला, म्हनून आलो. निरोप नाय दिला असता तर तुमी पान वाढून बसला असता."

"आत ये. तू तरी जेव."

"नदी वाढायच्या आत पलीकडं गेलं पायजे."

मी त्याला पाणी तरी घे म्हणून तांब्या आणला. त्याने हात जोडले आणि तांब्याला हात लावला नाही. बांधावरून तो सडकेकडे गेला. वाकडा चालत होता.

आक्का दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पान निवतंय. शेजारच्या चंद्राबाईला बोलवू का?"

मी म्हटलं, "बोलव."

चंद्राबाई आली. भली बाई. बनूला तिने कधी बघितलं नव्हतं. पाटावर बसली, पोटभर जेवली, लुगडं-खण घेतला, बांगड्या तिथेच भरल्या. आक्काने भातातून टाक काढला, धुतला, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात माझ्या आईच्या टाकाशेजारी बसवला. मला म्हणाली, "नमस्कार कर."

मी केला.